लिथियम नांदेड-लातूरला पोहोचताना

मार्च १९४८. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी तेव्हा हैदराबादेत निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा सर्वेसर्वा होऊन बसला होता. मराठवाड्यातली गावे रात्र रात्र जागत होती. ज्यांना जमले त्यांनी कुटुंबकबिला घेऊन निजामाची हद्द ओलांडली आणि बार्शी, सोलापूर, उमरखेडचा आसरा धरला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात, जॉन केड नावाच्या डॉक्टरने ५१ वर्षांच्या एका रुग्णाला लिथियमचा पहिला डोस दिला. हा रुग्ण पाच वर्षे सलग उन्मादात होता. बडबड थांबत नव्हती, झोप नव्हती, कपडे फाडणे, वस्तू फोडणे चालूच होते. तो आता मरेपर्यंत त्याच वॉर्डात राहणार, हे सगळ्यांनी धरून चालले होते. काही आठवड्यांत तो शांत झाला आणि त्याच वर्षी घरी, आपल्या जुन्या कामावर गेला.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो जुळायला अनेक दशके जावी लागली. वैद्यकाच्या इतिहासात औषध सापडल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली जाते. ते औषध देगलूरच्या किंवा औशाच्या माणसाच्या हातात पडले, ती तारीख कुठेच लिहिलेली नसते. मला महत्त्वाची वाटते ती ही दुसरी तारीख, म्हणून हा लेख तिच्या मागावर निघाला आहे.

आजार जुनाच आहे. पॅरिसच्या फालरे आणि बायर्जे या दोन डॉक्टरांनी १८५० च्या दशकात त्याचे वर्णन केले: अतिउत्साहाचा काळ, मग खोल उदासीचा काळ, आणि मधे माणूस अगदी पूर्वीसारखा. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ मध्ये त्याला स्वतंत्र आजाराचे रूप दिले. बायपोलर हे नाव अमेरिकन वर्गीकरणात १९८० मध्ये आले आणि पुढे जगभर रूढ झाले. पण मराठवाड्यातल्या खेड्यात हा आजार दिसतो तो असा: चांगला कर्ता माणूस एकाएकी चार-पाच रात्री झोपत नाही. तरी थकत नाही, उलट पहाटेच मोटारसायकल काढून तालुक्याला जातो. मोंढ्यात भेटेल त्याला चहा पाजतो, आडत्याकडून उचल घेतो, गावजेवणाचा शब्द देतो, दोन एकर विकून ट्रॅक्टरचा सौदा करतो, सरपंचकीला उभा राहणार म्हणून सांगत सुटतो. अडवले की अंगावर येतो. दोन-तीन महिन्यांनी हे ओसरते आणि मग तोच माणूस गोधडी तोंडावर ओढून पडून राहतो. बोलत नाही, जेवत नाही, झालेल्या कर्जाचा आकडा त्याला आत खात राहतो. आत्महत्येचा धोका बहुधा या दुसऱ्या टप्प्यात किंवा दोन्ही टप्पे एकमेकांत मिसळतात तेव्हा सर्वांत जास्त असतो.

अशा माणसाला घेऊन घरचे कुठे जात? माहूरला, सीमेपलीकडे गाणगापूरला, बुलढाण्याच्या सैलानीला. कुणी म्हणे बाहेरचे झाले, कुणी म्हणे करणी. लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि बिदरच्या पट्ट्यात भानामतीचे नाव हमखास निघे. या मंडळींना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बैलजोडी विकून, महिना-महिना दर्ग्याच्या किंवा देवळाच्या आवारात आजारी भावाजवळ बसून राहणाऱ्या माणसाइतकी काळजी कुठल्या वॉर्डात घेतली जात होती? आणि त्यांना गुण येतानाही दिसत होता. या आजाराचा झटका बहुधा काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी आपोआप उतरतो. तो उतरला तेव्हा माणूस ज्या दारात बसलेला होता, त्या दाराला श्रेय मिळाले. पुन्हा झटका आला की नेम चुकला, नवस राहिला, असे कारण सापडे. नुकसान होई ते साखळदंडांनी, मारहाणीने आणि वाया गेलेल्या वर्षांनी.

हीच अडचण डॉक्टरांनाही होती, हे सहसा सांगितले जात नाही. आपोआप उतरणाऱ्या आजारात औषधाने गुण आला हे ठरवायचे कसे? केडने १० उन्मादी रुग्णांवरचे अनुभव सप्टेंबर १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. मराठवाडा तेव्हा भारतात येऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. पण त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरणारे काही हृदयरोगी विषबाधेने दगावले आणि लिथियमचे नाव बदनाम झाले. केडचा तो पहिला रुग्णही बरे वाटल्यावर औषध सोडून पुन्हा आजारी पडला, पुन्हा लिथियमवर आला आणि १९५० मध्ये त्याच औषधाच्या विषबाधेने गेला. केड जपान्यांच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होता, मरण जवळून पाहिलेला माणूस होता. तरी या मृत्यूनंतर त्याने स्वतः लिथियम बाजूला ठेवले.

ते पुन्हा उचलले डेन्मार्कच्या मोगेन्स शू याने. त्याच्या सख्ख्या भावाला नैराश्याचे झटके पुन्हा पुन्हा येत, म्हणून त्याचा जीव या प्रश्नात गुंतला होता. १९५४ मध्ये त्याने उन्मादावर लिथियमची पद्धतशीर चाचणी केली. पुढे त्याने आणि पोल बॉस्ट्रुपने दाखवले की लिथियम चालू ठेवले तर पुढचे झटकेच कमी होतात. १९६८ मध्ये लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड यांनी हा दावा भ्रम असल्याचे लिहिले. आजारच येऊन-जाऊन असतो, त्याचे श्रेय तुम्ही गोळीला देता, हा त्यांचा मुद्दा होता. सैलानीच्या किंवा गाणगापूरच्या बाबतीत जो प्रश्न विचारायला हवा, तोच त्यांनी लिथियमला विचारला. डॅनिश डॉक्टरांनी १९७० मध्ये उत्तर दिले. लिथियमवर स्थिर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना, त्यांना किंवा डॉक्टरांना न कळता, तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. पाच महिन्यांत त्या गटातल्या अर्ध्याहून अधिक जणांना पुन्हा झटका आला. लिथियम चालू असलेल्यांपैकी एकालाही आला नाही. देवाच्या दारात आणि दवाखान्याच्या दारात फरक कुठे आहे, असे मला कुणी विचारले तर मी या चाचणीकडे बोट दाखवीन. दवाखान्याने स्वतःवर शंका घेतली आणि ती तपासून पाहिली.

भारत या गोष्टीत केवळ वाट पाहत बसलेला नव्हता. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा ही वनस्पती वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तिचे रक्तदाबावरचे परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले. काही वर्षे ते मनोरुग्णालयांत सर्रास दिले गेले. उन्माद शांत व्हायचा, पण काही रुग्ण त्याने खोल उदासीत जात. आजाराचे एक टोक दाबले की दुसरे वर येई. फ्रान्समधून १९५२ मध्ये आलेल्या क्लोरप्रोमाझिनने आणि नंतर लिथियमने त्याला मागे सारले. दक्षिणेत मदुराईला डॉ. ए. वेंकोबा राव यांनी लिथियमवरच्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा केला आणि भारतीय रुग्णांतही हे औषध टिकते, हे दाखवले.

मराठवाडा मात्र लांब होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा राज्याच्या वाट्याला नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा अशी चार मनोरुग्णालये आली. मराठवाड्यात त्यांतले एकही नव्हते. नांदेडहून हैदराबादची गाडी सोयीची, म्हणून तिकडची माणसे तिथल्या एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयात जात. लातूरकरांना बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडी, तिथून पुणे. उन्मादातल्या माणसाला घेऊन हा प्रवास कसा होत असेल, याची कल्पना ज्यांनी असा माणूस एकदा तरी सांभाळला आहे त्यांनाच येईल.

मग एकेक पायरी पडत गेली. औरंगाबादचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, १९५६ मध्ये सुरू झाले. १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. ते लातूरहून तासा-दीड तासावर. १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. नांदेडचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मधले, लातूरचे २००२ मधले. महाविद्यालय आले की मनोविकार विभाग येतो, विभाग आला की बाह्यरुग्ण खिडकी उघडते, आणि शहरात स्वतःचा दवाखाना थाटणारी पहिली पिढी तयार होते. नांदेडचे डॉ. नंदकुमार मुलमुले यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ वर्तमानपत्रांतून, मासिकांतून मराठीत लिहू लागले. मनाच्या आजाराबद्दल घरात मोठ्याने बोलता येते, हे त्या लेखनाने बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले असणार.

पण लिथियम लिहून देणे पुरेसे नसते. त्याची मात्रा रक्त तपासून ठरवावी लागते. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवी. खाली गेली तर उपयोग नाही, १.५ च्या वर गेली तर हात थरथरतात, उलट्या होतात, जीभ जड पडते, तोल जातो आणि मूत्रपिंडावर बेतते. सोबत थायरॉइड आणि क्रिएटिनिनही अधूनमधून पाहावे लागते. गोळी स्वस्त आहे, तिच्यात कुणाला मोठा नफा नाही. तपासणी मात्र प्रयोगशाळेवर अवलंबून, आणि प्रयोगशाळा शहरात. त्यामुळे लहान गावातल्या रुग्णाला बहुतेक वेळा व्हॅलप्रोएट दिले जाते. हे मूळचे फिट्सचे औषध. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये दुसरी औषधे विरघळवायला वापरताना त्याचा गुण योगायोगाने सापडला. १९७० च्या दशकात जपानमध्ये कार्बामॅझेपिन या दुसऱ्या फिट्सच्या औषधाचाही उन्मादावर उपयोग दिसला. पुढे ओलान्झापिन, क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन आली. प्रत्येकाची जागा वेगळी आहे: उन्माद लवकर उतरवायला एक, उदासीच्या बाजूला दुसरे, लांबच्या पल्ल्याला तिसरे.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. व्हॅलप्रोएट गरोदरपणात घेतले गेले तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः दोष राहतो, आणि वाढीतल्या, बुद्धीतल्या अडचणींचा धोका वेगळा. ज्या भागात मुलींची लग्ने लवकर होतात आणि आजार लपवून होतात, तिथे तरुण मुलीच्या चिठ्ठीवर हे औषध लिहिण्याआधी तिच्याशी आणि तिच्या आईशी बोलणे झालेच पाहिजे. तसेच नैराश्य समजून नुसतेच उदासीवरचे औषध दिले, तर बायपोलरच्या रुग्णाला उन्माद चढू शकतो. म्हणून आधी कधी झोप न लागता अंगात अचाट जोर आला होता का, हा प्रश्न विचारल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नाही.

या सगळ्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून गावे गाढ झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव भूकंपाने हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्याच वर्षी १ एप्रिलला १९१२ चा जुना वेड्यांचा कायदा जाऊन नवा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला होता, पण त्याची किल्लारीला कुणाला खबर असणार? जे झाले ते वेगळ्याच वाटेने झाले. ढिगारे उपसून झाल्यावर, पत्र्यांच्या शेडमध्ये माणसे राहू लागल्यावर, डॉक्टरांच्या ध्यानात आले की हाडे जुळली तरी माणसे उभी राहत नाहीत. पाऊस वाजला की बाहेर धावतात, छताखाली झोपत नाहीत, मेलेल्यांना हाका मारतात. त्या काळात तपासलेल्या वाचलेल्या लोकांच्या एका छोट्या गटात अर्ध्याहून अधिक जणांना निदान करण्याजोगा मानसिक आजार असल्याचे १९९६ मध्ये अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात छापून आले. त्यात मुख्यतः आघातानंतरचा तणाव आणि नैराश्य होते. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक डॉ. मोहन आगाशे, ज्यांना महाराष्ट्र नट म्हणून अधिक ओळखतो, त्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हार्वर्ड यांच्या संयुक्त प्रकल्पाचे नेतृत्व केले आणि भूकंपग्रस्त भागातल्या मनाच्या जखमांचा अभ्यास केला.

भूकंपाने बायपोलर आजार पसरला, असे कुणी म्हणू नये. त्याचे मूळ बरेचसे आनुवंशिक आहे. पण झोप मोडणे हे झटक्याचे जुने, ठाऊक कारण आहे, आणि त्या दिवसांत सारा तालुका जागा होता. किल्लारीने दिले ते दुसरेच काही. या भागात मानसोपचारतज्ज्ञ पहिल्यांदाच इतक्या संख्येने खेड्यात आले. रुग्ण त्यांच्याकडे गेला नाही, ते रुग्णाच्या शेडमध्ये गेले. वेड हा कुळाचा डाग नाही, अख्ख्या गावाचे मन एका पहाटेत आजारी पडू शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मन दुखते, त्यावर उपाय असतो, हे बोलणे त्यानंतर थोडे सोपे झाले, असे मला वाटते.

१९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेला. दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला. आशाताईंनी घरोघर जाऊन उदासीची लक्षणे विचारायची, हा त्याचा कणा. आत्महत्येची चर्चा कर्ज आणि भाव यांच्यापाशी थांबते, आणि ते दोन्ही खरेच आहे. पण उन्मादात झालेले कर्ज आणि नंतरच्या उदासीतला फास, हीही एक गोष्ट त्या आकड्यांत मिसळलेली असते. ती ओळखता आली तर तिला औषध आहे. आत्महत्या कमी करण्याबाबत लिथियमचा पुरावा इतर औषधांपेक्षा भक्कम आहे.

आणि मग २०१६ चा उन्हाळा. लातूर शहराचे नळ आठवडे आठवडे कोरडे राहिले. टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. लिथियम घेणाऱ्या माणसाकडे कुणाचे लक्ष असणार? पण त्याच्यासाठी पाणी म्हणजे औषधाचाच भाग आहे. लिथियम हा मिठातल्या सोडियमच्या कुळातला धातू, मूत्रपिंड त्याला सोडियमसारखेच वागवते. घाम गेला, पाणी आणि मीठ कमी पडले की शरीर सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. हात थरथरतात, मळमळते, माणूस गुंगीत जातो. घरचे म्हणतात ऊन लागले. गोळी चालूच राहते. यात भर पडते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. ऊसतोडीहून, सोयाबीनच्या काढणीहून आलेला माणूस डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन सहज घेतो, आणि त्यांनीही लिथियम वाढते. रक्तदाबासाठीच्या काही लघवीच्या गोळ्यांनीही. म्हणून लातूर-नांदेडमध्ये लिथियम देताना उन्हाळ्यातले पाणी, जेवणातले मीठ आणि मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी यांची चौकशी निदानाइतकीच गरजेची आहे. मीठ एकदम तोडायचे नाही, पाणी तोडायचे नाही, जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचे. एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात.

दुसरा शत्रू आहे बरे वाटणे. गुण आला की गोळी बंद होते. केडच्या पहिल्या रुग्णाने तेच केले होते आणि आजही बहुतेक जण तेच करतात. त्यात हट्ट कमी आणि समजूत अधिक असते: ताप उतरल्यावर आपण गोळी घेतो का? शिवाय लिथियमने तहान लागते, लघवी वाढते, वजन चढते, आणि उन्मादातली ती झळाळी जाते, जी रुग्णाला मनातून हवी असते. हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलले नाही, तर तो चोरून बंद करतो. अचानक बंद केल्यावर येणारा झटका बहुधा जोराचा असतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे सात जण उपचाराबाहेर आढळले. बारा राज्यांत झालेल्या त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे मराठवाड्याचा वेगळा आकडा त्यात सापडत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. त्याने माणसाला साखळीने बांधायला बंदी केली, भूल न देता शॉक देणे थांबवले, अत्यावश्यक औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळण्याचा हक्क दिला, आणि जिल्ह्यात किमान सेवा नसतील तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता यावेत व त्याचा खर्च सरकारने उचलावा, असे लिहून ठेवले. विम्यातही मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा आहे.

आता जालन्याला मराठवाड्यासाठी मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. ते हवेच, चार मनोरुग्णालयांच्या नकाशावर हा प्रदेश फार वर्षे कोरा राहिला. पण बायपोलरचा रुग्ण आयुष्यातले फारच थोडे दिवस भरती असतो. उरलेली वर्षे तो किनवटला, देगलूरला, उदगीरला, निलंग्याला आपल्या घरी काढतो. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. अशा तालुक्याच्या गावातल्या सरकारी रुग्णालयात लिथियमची गोळी महिन्याच्या महिन्याला न चुकता मिळणे, रक्तातली पातळी तिथेच तपासून त्याच दिवशी कळणे, आणि गोळी संपून आठवडा झालेल्या माणसाच्या घरी आशाताईंचा फोन जाणे, यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. यंत्र, रसायने, एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि औषधाचा अखंड पुरवठा लागतो. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत नांदेड आणि लातूरच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय नाव घेऊन मांडावा.